पाव शेराचं दुखणं

आयुष्यात मी दोन-तीन माणसांचा मनापासून हेवा केला. त्यातले बाकीचे पुढे आजारी पडले, नाहीतर त्यांची मुलं वाया गेली, आणि माझा हेवा आपोआप निवला. हा एक माणूस मात्र अजून निवू देत नाही. तोंडावर मी त्याला 'अहो डॉक्टर' म्हणत असे, मनात कायम अरे-तुरे. इथेही तेच चालू ठेवतो.

जळगावच्या एका सरकारी दवाखान्यात आम्ही दोघं एकाच हुद्द्यावर होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी सावद्याचा, केळीवाल्या घरातला. तो धुळ्याकडचा, नरडाण्याच्या पुढे कुठेतरी त्याचं गाव. मला वैद्यकीच्या परीक्षेत पदक मिळालं होतं, तो दुसऱ्या खेपेला पास झाला होता. याचा पुढच्या हकिकतीशी काही संबंध नाही, मला सांगायला आवडतं म्हणून सांगतो. त्याचं अक्षर असं की कंपाउंडर औषध बांधण्याआधी चिठ्ठी त्याच्याचकडून वाचून घ्यायचा. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. तरी सकाळी रांग लागायची ती त्याच्या दाराशी. माझ्याकडे जे येत ते त्या रांगेत उभं राहून पाय दुखले म्हणून येत.

लोक त्याला 'दाबवाले डॉक्टर' म्हणत. त्याच्याकडे एक यंत्र होतं. यंत्र कसलं, वीतभर लांब पितळी नळी. आत स्प्रिंग, टोकाला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच, आणि अंगावर कानशीनं पाडलेल्या रेघा. विलायतेत असं काहीतरी वापरतात हे त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं, आणि जिनिंग फॅक्टरीतल्या एका फिटरच्या मागे लागून स्वतःचं बनवून घेतलं. रेघा बरोबर पडाव्यात म्हणून वाण्याच्या दुकानातली वजनं नळीवर उभी करून पाहिली. किलो अजून आमच्याकडे आला नव्हता, त्यामुळे त्याच्या दवाखान्यात दुखणं शेरावर मोजलं जाई. दुखऱ्या जागेवर बूच टेकवायचं आणि हळूहळू दाबत जायचं. पहिल्यांदा जरा टोचलं की माणसाने 'लागलं' म्हणायचं, आणि मुळीच सोसवेना तेव्हा 'बस'. दोन्ही वेळी नळीवर किती शेर झाले ते तो बघायचा.

"लागणं वेगळं, सोसणं वेगळं," हे त्याचं पालुपद. चहा पिताना, मुतारीत, सिव्हिल सर्जनच्या खोलीत, कुठेही. "लागणं नसेचं आहे डॉक्टर, सोसणं माणसाचं. आपण दोन्ही एकाच पारड्यात टाकतो आणि मग औषध चुकतं."

रोज सकाळी आल्या आल्या तो स्वतःची नडगी दाबून घ्यायचा आणि दारावर खडूने लिहायचा, 'आज सव्वादोन'. घरी भांडण झालं असेल, जेवण चुकलं असेल, तर आकडा खाली यायचा. त्या दिवशी तो यंत्र कपाटात ठेवून द्यायचा. "आज माझाच हात खरा नाही," म्हणायचा. बाजारात पेरू घेताना खिशातून नळी काढायचा. पेरूवाली बाई "डाक्तर, त्याले काय दुखतं?" म्हणून हसायची. एकदा तर सिव्हिल सर्जनसाहेब मान आखडली म्हणून कुरकुरत होते, तेव्हा याने सरळ त्यांच्या मानेवर नळी टेकवली. साहेब हसले आणि म्हणाले, "लागलं बुवा." तेच मी केलं असतं तर आठवडाभरात माझी बदली झाली असती.

यंत्र आलं तेव्हा मी मनातून खूष होतो. फजिती होणार याची मला खात्री होती, आणि तशी ती झालीही. आपल्या माणसांचा स्वभाव त्याच्या विलायती मासिकात कुठून असणार! 'लागलं' हा शब्द एकाही गड्याच्या तोंडून निघेना. दाबाचे शेर मोजतात म्हटल्यावर लोकांनी त्याची कुस्ती केली. बाकावर बसलेले बाकीचे पेशंट आकडा विचारायचे. धुळ्याकडचा एक गाडीवान, कंबर धरून वाकत आलेला, बूच कमरेवर रुतलं तरी दात विचकून म्हणत होता, "आखो दाबा ना डाक्तर! माले काहीच व्हत नही." बाहेर जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, मी साडेतीन शेर खाल्ले. त्याच्या गावाहून पुढच्या बाजारच्या दिवशी चौघं आले, दुखत काहीच नव्हतं, नुसते साडेतीनच्या वर जायला आले होते.

मग याने युक्ती केली. "ज्याला लवकर लागतं त्याची नस ताजी," असं जाहीर केलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून बूच अंगाला टेकायच्या आधीच लोक 'लागलं, लागलं' म्हणून ओरडायला लागले. एका म्हाताऱ्याने तर नळी खिशातच असताना म्हटलं. आठवडाभर मी इतका हसलो की माझी बायको विचारायला लागली, प्रमोशन बिमोशन आहे का?

तो चिडला नाही. हीच त्याची सगळ्यात वाईट खोड होती. चार दिवस तो नुसता लोकांकडे बघत राहिला आणि पाचव्या दिवशी मला म्हणाला, "डॉक्टर, चूक लोकांची नाही. मी बाकावर माणसं बसवून ठेवली, ती चूक." तेव्हापासून त्याने नेम केला. दाबायच्या वेळी खोलीत पेशंट आणि तो, तिसरं कोणी नाही. भाऊ नको, बायको नको, कंपाउंडर नको. खोलीत कोण असलं की आकडा किती चढतो याचाही त्याने नाद लावून घेतला. "बायको समोर असली की अर्धा शेर," तो मला गंभीरपणे सांगायचा, "भाऊ असला की पाऊण. आणि व्याही समोर असला, तर आपल्या खानदेशातल्या माणसाला हाडच नसतं."

नशिराबादचा पहिलवान याच सुमारास आला. आधी तो माझ्याकडेच आला होता. डाव्या करंगळीखाली, मनगटाजवळ फोड होता, चुलीपाशी भाजला म्हणाला. मी मलम दिलं, पट्टी बांधली. दवाखान्याच्या दारातच त्याला कोणीतरी यंत्राचं सांगितलं असावं. पहिलवानच तो, तडक दाबवाल्याकडे गेला. डाव्या पंजावर नळी टेकली, स्प्रिंग शेवटपर्यंत दबली, पहिलवान मिशीला पीळ देत हसतोय. दुसऱ्या कोणी पाठ थोपटली असती. याने टेबलाच्या खणातून एक काडी काढली. काडीच्या टोकाला घोड्याच्या शेपटीचा केस चिकटवलेला होता. असल्या काड्या तो बारीक-जाड केस निवडून घरी बसून करायचा. पहिलवानाला त्याने डोळे मिटायला सांगितले आणि केस पंजावर टेकवत गेला. कुठे टेकला ते बोटाने दाखवायचं. उजव्या हातावर पहिलवानाने बरोबर दाखवलं. डाव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि खालचा तळवा, एवढ्या भागात त्याला केस कळलाच नाही. भाजलं तेव्हाही त्याला कळलं नव्हतं. महारोगाची सुरुवात होती. इतक्या लवकर सापडला म्हणून हात वाचला, पुढे माणूस गोळ्या घेऊन शेतीही करत होता.

ही गोष्ट सगळ्या दवाखान्याने एकमेकांना सांगितली. सांगताना मी दिसलो की विषय बदलायचे. मला दया दाखवलेली अजिबात खपत नाही.

इथवरचा हेवा आपला नोकरीतला होता, शेजारच्या खुर्चीचा. त्यावर माणूस मरत नाही. पुढे जे झालं ते माझ्या घरातलं आहे.

माझे वडील, आमचे आबा, सावद्याच्या मळ्यात राहायचे. आई गेल्यावर एकटेच. जुन्या वळणाचे, केळीला 'केयी' आणि हळूला 'हयू' म्हणणारे. त्यांनी मला शिकवलं, डॉक्टर केलं, आणि डॉक्टर झाल्यावर एकदाही 'जरा बघ रे मला' असं म्हटलं नाही. विंचू चावला तेव्हाही ते मळ्यातून चालत घरी आले आणि आईला म्हणाले, "पाय धुवाले पानी दे." मला वाटायचं, माणूसच असा लोखंडाचा आहे. लहानपणी मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी थंडी सरता सरता मळ्यातला सालदार गडी त्यांना बळेच गाडीत घालून जळगावला घेऊन आला. संध्याकाळी ताप यायचा, घामाने अंथरूण भिजायचं, अंगावरचं मांस उतरलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "काही नही रे भाऊ. उजवा खांदा आखडला, केयीचे घड उचलून उचलून." आमच्याकडे थोरल्या मुलाला बापसुद्धा भाऊच म्हणतो. मी त्यांना नखशिखांत तपासलं. पोट दाबलं, बरगड्या दाबल्या, प्रत्येक वेळी विचारलं, आबा, दुखतं का? ते माझ्याकडे बघून हसायचे. "नही रे." मी हिवताप धरून औषध सुरू केलं आणि खांद्याला चोळायला तेल दिलं. आठवड्याने ताप तसाच. आणखी काही दिवसांनी ते उठून बसले की धापा टाकायला लागले. मी पदकवाला डॉक्टर, आणि माझा बाप माझ्या घरात, माझ्या हाताखाली संपत चालला होता, आणि मला कळत नव्हतं कशाने.

मी त्याला बोलावलं नाही. बायकोने बोलावलं. तो बटणं चुकवलेल्या कोटात आला, आबांना नमस्कार केला, नळी काढली. मी पलंगाच्या उशाशी उभा होतो. त्याने बरगड्यांच्या मधल्या खाचांतून एकेक जागा दाबायला सुरुवात केली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आबा छताकडे बघत होते. डावीकडे दोन शेरांच्या पुढे गेले, उजवीकडेही तेवढेच. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

त्याने नळी बाजूला ठेवली. "डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर जा."

"मी मुलगा आहे त्यांचा," मी म्हणालो. "आणि डॉक्टरही आहे."

"म्हणूनच म्हणतो."

मी आबांकडे पाहिलं. ते म्हणतील, राहू द्या त्याला. ते छताकडेच बघत राहिले. मी माझ्याच घराच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो आणि दार आतून लागलं. समोरच्या घरची अक्का पापड वाळत घालत होती. तिने विचारलं, "काय झालं हो डॉक्टर, आबा बरे ना?" मी म्हणालो, तपासताहेत. ती म्हणाली, "कोन? तुमी तर भाईर."

दार उघडलं तेव्हा तो नळी पुसत होता. "उजवीकडे, खालच्या दोन बरगड्यांच्या मध्ये," तो म्हणाला. "बोटाएवढी जागा आहे. पाव शेराला लागलं. लिव्हरमध्ये पू झालाय त्यांच्या, तिथून खांद्यात कळ जाते." आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाव शेर म्हणजे काय? ओंजळभर शेंगदाणे. तेवढ्या वजनाने ज्याचा जीव कळवळत होता, तो माणूस काही दिवस माझ्या बोटांखाली हसत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाड सुईने पू काढायचं ठरलं. मी हात धुऊन तयार झालो. आबा टेबलावर आडवे होते, ओठ कोरडे पडले होते. त्यांनी खुणेने त्याला जवळ बोलावलं. "डाक्तर," ते म्हणाले, "आमच्या भाऊले भाईर ठेवा." मी तिथेच उभा होतो, चार हातांवर. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, मीच बाहेर पडलो. आतून मला आबांचा आवाज आला. ओरडणं म्हणता येणार नाही, पण लहान मूल ठेच लागल्यावर ज्या आवाजात आईला हाक मारतं, तसा तो होता. माझ्या उभ्या जन्मात मी तो ऐकला नव्हता. थोड्या वेळाने नर्स भांडं घेऊन बाहेर आली, विटकरी, दाट, भांडंभर. आबा वाचले. एमेटिनची इंजेक्शनं झाली, ताप उतरला, महिन्याभरात भाकरी मागायला लागले.

मी त्याचे आभार मानले. रीतसर मानले, पेढे नेले. तो म्हणाला, "तुमचे वडील फार बोलके आहेत हो." मला वाटलं चेष्टा करतोय, पण तो खरंच बोलत होता.

त्यानंतर आबा दर बाजारी जळगावला यायला लागले. आधी वर्षातून एकदा यायचे, तेही दिवाळीला. हातात पिकलेल्या केळ्यांच्या दोन फण्या. एक आमच्या घरी, दुसरी, जी चांगली असेल ती, त्याला. मग त्याच्या खोलीत दार लावून बसायचे. दुखत काही नसायचं, नुसतं दाबून घ्यायचे आणि बोलायचे. एवढं काय बोलतात, असं मी त्याला विचारणार नव्हतो. तोच आपणहून सांगायचा, चहा ढवळता ढवळता. "तुमच्या आबांचा डावा गुडघा पहाटे धरतो ना, ते विहिरीत पडले होते तेव्हापासूनचं आहे." आबा विहिरीत पडले होते हे मला माहीत नव्हतं. "तुमची आई गेल्यावर वर्षभर त्यांना जेवण गिळताना घशात लागायचं म्हणे. मी म्हटलं, ते घशाचं नव्हे." माझी आई गेल्याचं दुःख मला हा माणूस सांगत होता, आणि वर बिस्किट बुडवत होता! त्या क्षणी त्याची नळी घेऊन मोडून टाकावी असं मला वाटलं.

बायको म्हणाली, "अहो, बरं वाटतं त्यांना, बोलू द्या ना."

"मग माझ्याशी बोलू देत. मी काय परका आहे?"

"परके असता तर बोलले असते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याची धुळ्याला बदली झाली. हुकूम आल्याचं कळलं तेव्हा मी घरी गोड करायला सांगितलं. जायच्या आधीच्या बाजारी आबा फणी घेऊन आले, आणि तो सिव्हिल सर्जनकडे चार्ज द्यायला गेलेला. खोली उघडी, नळी टेबलावर. आबा बाकावर बसून वाट बघत होते. मी आत जाऊन त्याच्या खुर्चीत बसलो.

"आबा, सदरा काढा. मी बघतो आज."

"राहू दे रे, तुले कामं असतील."

"काढा."

त्यांनी सदरा काढला. मी उठून दाराला आतून कडी लावली आणि पू काढला होता त्याच्याजवळच्या खाचेत बूच टेकवलं. आत आम्ही दोघंच होतो. तिसरं कोणी नव्हतं. "लागलं की लागलं म्हणा," मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी दाबत गेलो. अर्धा शेर, एक, दीड. आबा माझ्याकडे बघत होते, हसत होते. दोन. मी म्हणालो, "आबा, लागतंय का?" "नही रे भाऊ." मला एवढंच पाहिजे होतं, एकदा, एकच शब्द, 'लागलं' नाहीतर नुसतं 'बस'सुद्धा चाललं असतं. मी नळी रेटली. स्प्रिंग तळाला टेकली, पुढे दाबायला काही उरलंच नाही. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तसेच हसत होते.

मी नळी काढली. बरगडीवर तांबडा गोल उमटला होता. आबांनी घाईघाईने सदरा चढवला, माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाले, "तुह्या हातात काही जोरच नही रे. जेवत जाय जरा."

तेवढ्यात दार वाजलं, मी कडी काढली, तर तो. आबांना बघून त्याचा चेहरा उजळला. आबांचाही. मी बाहेर पडलो, मला कोणी जायला सांगावं लागलं नाही. मागून दार लागलं. मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभा राहिलो. आत खुर्ची सरकली, सदऱ्याची बटणं सोडायला लागावा इतका वेळ गेला, आणि मग आबांचा आवाज आला.

"हयू हात लावा, डाक्तर. तठी लई दुखू राह्यलं."